लघुशोधप्रबंध रद्दीत घालू नका : कुलगुरू, शिक्षणशास्त्र अभ्यास मंडळ आणि प्राचार्य यांना खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
मा. अधिष्ठाता, आंतरविद्याशाखीय अभ्यास विद्याशाखा,
शिक्षणशास्त्र अभ्यास मंडळाचे अध्यक्ष व सर्व सदस्य,
आणि आमच्या महाविद्यालयाचे मा. प्राचार्य

विषय : एम.एड.च्या जुन्या लघुशोधप्रबंधांचं निर्लेखन थांबवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाबाहेर एक सूचना लागली आहे. जागेअभावी आणि जीर्ण झाल्यामुळे एम.एड.चे २०१० पूर्वीचे लघुशोधप्रबंध निर्लेखित करण्यात, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्यात, येत आहेत, एवढंच तिच्यात लिहिलं आहे. खाली सही आणि शिक्का. प्रबंध कपाटातून निघालेही आहेत. काळ्या रेक्झिनची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं, सुतळीने बांधलेले गठ्ठे जिन्याखाली पडून आहेत आणि रद्दीवाल्याचा भाव ठरायची वाट बघत आहेत. मी तोंडी विचारलं. ‘विद्यापीठाच्या नियमात बसतं,’ असं उत्तर मिळालं. म्हणून पत्र आपणा सगळ्यांना एकत्रच लिहिते आहे, आणि उघड लिहिते आहे. कारण हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही, सांगली जिल्ह्यातल्या शाळांचा आहे.

माझं माहेर जत तालुक्यातलं, सासर मिरजेजवळ. बी.एड. झाल्यावर काही वर्षं मी विनाअनुदानित शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. पगार म्हणून हातात पडेल ते घेतलं. वर्गात दरवर्षी एकच गोष्ट दिसायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली की बाकं रिकामी. पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असायची, कुणी सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांवर, कुणी सीमेपलीकडे कर्नाटकात. पाडव्याच्या आसपास ती परत यायची तेव्हा वर्ग भागाकारावर पोचलेला असायचा आणि ही मुलं हातच्याच्या बेरजेवर अडलेली असायची. यावर काय करता येतं ते नीट शिकून घ्यावं, म्हणून मी एम.एड.ला आले. नुसती पदवीच हवी असती तर घरच्यांचं ऐकून दुसरं काहीतरी केलं असतं.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या लघुशोधप्रबंधाचा प्रश्न साधा आहे. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी जतच्या काही गावांत पोचलं आहे, काही गावं अजून वाट बघत आहेत. पाणी पोचलेल्या गावांतली कुटुंबं ऊसतोडीला जायची थांबली का? आणि थांबली असतील तर दिवाळीनंतरची शाळेची हजेरी बदलली का? आजची हजेरी मी शाळांत जाऊन घेऊ शकते. पण पाणी येण्याआधीची कुठून आणायची? शाळेत जनरल रजिस्टर कायम जपतात, हजेरीपत्रकं मात्र मुदत संपली की नष्ट होतात. मी गेले त्या शाळांत नव्वदच्या दशकातलं हजेरीचं पान एकही शिल्लक नाही.

ते मला सापडलं आमच्याच ग्रंथालयात. त्या दशकात इथेच एम.एड. केलेल्या एका शिक्षकांचा प्रबंध होता, जतमधल्या प्राथमिक शाळांतल्या गैरहजेरीच्या कारणांवर. टाइपरायटरवर टंकलेला, जिथे जोडाक्षर उमटलं नाही तिथे शाईने हाताने भरलेलं. तक्ते पट्टीने आखलेले. परिशिष्टात शाळांची यादी आणि प्रत्येक शाळेची जून ते एप्रिल अशी महिनावार हजेरी. शेवटच्या रकान्यात कारण : ‘आईवडिलांबरोबर ऊसतोडीस’, ‘धाकट्या भावंडास सांभाळणे’, ‘मेंढरांमागे’, ‘पाणी आणण्यास’. उमदी, संखकडच्या कन्नड बोलणाऱ्या घरांतली मुलं त्यांनी वेगळी मोजली होती. घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असली की गैरहजेरीत फरक पडतो का, हेही त्यांना बघायचं होतं. मार्गदर्शकांनी पेन्सिलीने शेरे मारलेले. एका तक्त्याशेजारी ‘पुन्हा मोजा’ असं लिहिलं होतं, आणि पुढच्या पानावर पुन्हा मोजलेला तक्ता चिकटवलेला होता.

ही माहिती आज ना जिल्हा परिषदेकडे मागून मिळते, ना शाळेकडे. इंटरनेटवर ती असायचा प्रश्नच नाही. एका शिक्षकाने शाळा सांभाळून गावोगाव एसटीने फिरत ती गोळा केली होती. त्या प्रबंधाची टिपणं घेऊन मी घरी गेले आणि पुढच्या खेपेला तो प्रबंध जागेवर नव्हता. तो जिन्याखालच्या नेमक्या कुठल्या गठ्ठ्यात आहे हे मला कुणी सांगू शकलं नाही, कारण गठ्ठे बांधताना यादीच केलेली नाही.

कुलगुरू महोदय, पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात जातात. यूजीसीचा तसा नियमच आहे, त्यामुळे देशातल्या कुठल्याही गावात बसून ते वाचता येतात. एम.एड.च्या लघुशोधप्रबंधाला तशी कुठलीच जागा नाही. एक प्रत महाविद्यालयात राहते आणि एक परीक्षेसाठी विद्यापीठाकडे येते. ती परीक्षा झाल्यावर कुठे जाते, याचं उत्तर मला आपल्याकडून हवं आहे. आपल्याकडची प्रतही ठेवली जात नसेल, तर महाविद्यालयाची प्रत रद्दीत गेली त्या दिवशी तो अभ्यास जगातून पुसला गेला असंच समजायचं.

‘ते विद्यार्थ्यांचं काम आहे, पीएच.डी. नव्हे,’ असं मला ग्रंथालयात ऐकवलं गेलं. हे मला मान्य नाही. पीएच.डी. करणारे बहुतेक जण राज्याचा, विभागाचा, फार तर जिल्ह्याचा विषय घेतात. एम.एड.चा विद्यार्थी, वेळ कमी आणि पैसा कमी म्हणून, आपल्या आसपासच्या शाळा घेतो. आटपाडीच्या मेंढपाळांची मुलं, विट्याकडून गलाई कामासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळण्यासाठी, देशभर पांगलेल्या कुटुंबांतली मुलं, तासगावात द्राक्षाच्या छाटणीच्या आणि बेदाण्याच्या हंगामात शाळेला मुकणाऱ्या मुली, कृष्णाकाठच्या गावांत महापुरानंतर आठवडेच्या आठवडे बंद राहिलेल्या शाळा. एवढ्या जवळून हे दुसरं कोण मोजायला बसणार आहे? या जिल्ह्याच्या शालेय शिक्षणाचा इतिहास कुणी लिहायचा ठरवला तर त्याचा कच्चा माल याच काळ्या बांधणीत आहे.

२०१९च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाची पुस्तकं पाण्याखाली गेली तेव्हा हा जिल्हा हळहळला. ते पाणी आपल्या हातात नव्हतं. हे निर्लेखन आपल्या हातात आहे.

यातले बरेच प्रबंध सुमार आहेत, एकमेकांवरून उतरवलेले आहेत, असंही कुणी म्हणेल. ते खरं आहे. मी स्वतः चाळलेल्यांत प्रस्तावना शब्दशः सारखी असलेले सापडले. पण त्यावर जुने प्रबंध नष्ट करणं हा उपाय कसा? जुनी प्रत हाताशी असेल तरच नवी नक्कल पकडता येईल. आज महाविद्यालयांच्या आसपास टायपिंगच्या दुकानांत ‘तयार विषय’ विचारले जातात. गाव आणि साल बदललं की प्रबंध तयार. हे आपल्यापैकी कुणाला नवीन नाही. मूळ प्रतीच नाहीशा झाल्या तर ते करणाऱ्यांची सोय होईल आणि उन्हातान्हात शाळा फिरणाऱ्यांच्या कामाला त्यांच्याइतकीच किंमत उरेल. शिवाय चांगलं कोणतं आणि सुमार कोणतं हे कुणी ठरवलं? शिक्षणशास्त्राच्या एकाही अध्यापकाने हे गठ्ठे उघडून पाहिल्याचं मला तरी आढळलं नाही. ‘२०१० पूर्वीचे’ ही ओळ पुरली.

आता मूळ दुखण्याकडे येते. प्रबंधांची ही गत एकाएकी झालेली नाही. आधी ते करून घेणं ढिलं पडलं, मग ते वाचणं थांबलं, आणि जे कुणी वाचत नाही ते जागा अडवतं असं वाटणं ओघानेच आलं.

एम.एड. पूर्वी एका वर्षाचं होतं. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या आयोगाने २०१२ साली शिक्षक-शिक्षणावर अहवाल दिला. तो आयोग नेमला गेला तोच मुळी महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून. त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेचे २०१४चे नियम आले आणि एम.एड. दोन वर्षांचं झालं. त्या नियमांत वर्षाला २०० दिवस कामकाज आणि आठवड्याला ३६ तास आहेत. हजेरी तासांना ८० टक्के आणि क्षेत्रकार्याला ९० टक्के हवी. दोन वर्षांच्या मिळून १०० विद्यार्थ्यांमागे १० अध्यापक असावेत, त्यात २ प्राध्यापक, २ सहयोगी आणि ६ सहायक. वाढलेल्या वर्षात विद्यार्थ्याने शाळेत जावं, संशोधन नीट करावं, हा त्यामागचा विचार होता.

त्यातलं आमच्या वाट्याला काय आलं? आमची हजेरी काटेकोर मोजली जाते आणि ते योग्यच आहे. पण अध्यापकांच्या बाजूचा नियम कोण मोजतं? आमच्या विभागात पूर्णवेळ अध्यापक दोनच आहेत, बाकीचे सगळे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. सीएचबीच्या सरांविषयी आणि मॅडमविषयी माझी तक्रार नाही. माझ्या आयुष्यात भेटलेल्या चांगल्या शिक्षकांत त्यांची गणना होते. पण त्यांची नेमणूक सत्र सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर होते आणि सत्र संपताच संपते. मोबदला घेतलेल्या तासापुरता. प्रश्नावली तपासणं, शाळेत येऊन निरीक्षण बघणं, प्रकरण वाचून परत करणं याचे पैसे त्यांना मिळत नाहीत आणि मार्गदर्शक म्हणून मान्यताही नाही. त्यामुळे सगळ्या विद्यार्थ्यांचे प्रबंध दोन माणसांच्या डोक्यावर. त्यांच्याकडे परीक्षा, नॅकची कागदपत्रं, प्रवेश आणि बी.एड.चे तासही आहेत. माझ्या एका मैत्रिणीचा प्रबंध सादर करण्याच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा उघडला गेला आणि त्याच दिवशी त्यावर सही झाली. तिने काम चांगलं केलं होतं. ते कुणीतरी वाचावं एवढीच तिची इच्छा होती आणि सही घेऊन येताना ती रडत होती. त्या जुन्या प्रबंधातला पेन्सिलीचा ‘पुन्हा मोजा’ हा शेरा मला म्हणून मोलाचा वाटतो. त्या काळी कुणीतरी आकडे तपासत होतं.

दुसरी गोष्ट, शाळांशी तुटलेला संबंध. माहितीसाठी मी एका शाळेत गेले तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, ‘बाई, तुमच्यासारखे दरवर्षी येतात. आम्ही वर्ग थांबवून प्रश्नावल्या भरून देतो. पुढं काय निघालं ते आजपर्यंत एकानं कळवलं नाही.’ चहा दिला, सगळी रजिस्टरं काढून दिली, पण मनातलं बोलून दाखवलं. त्यांना द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, कारण अभ्यासक्रमात तशी सोयच नाही. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने लिहून ठेवलं आहे की शिक्षक-प्रशिक्षण संस्था विद्यापीठापासून, शाळांपासून आणि एकमेकींपासूनही तुटलेल्या आहेत आणि हे तुटलेपण आधी घालवलं पाहिजे. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या शेजारच्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. त्यांनी गारगोटीला मौनी विद्यापीठाचं काम उभं केलं ते खेड्यातलं शिक्षण खेड्यात राहून समजून घेण्यासाठी. या भागातल्या विद्यापीठाने आणि महाविद्यालयाने तरी हे विसरू नये.

निकालांबद्दल थोडक्यात. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निकाल ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत लावावा, असं स्पष्ट आहे. आमचा निकाल या मुदतीत लागत नाही. निकाल हातात नसल्यामुळे आमच्या आधीच्या तुकडीतल्या मुलींचे पेटचे, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेचे, अर्ज अडले. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे अर्जही महाविद्यालयाच्या लॉगिनला महिनोन्‌महिने पडून असतात. फी मात्र आधी भरावी लागते, तीही कुणी गळ्यातलं गहाण ठेवून भरते, हे आपल्याला ठाऊक असावं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सगळ्यात आधी निर्लेखन तात्काळ स्थगित करा. गठ्ठे जिन्याखालून उचलून कोरड्या खोलीत ठेवा. पावसाळ्यात जिन्याखाली ओल येते. हे आजच्या आज होऊ शकतं आणि त्याला खर्च नाही.

त्यानंतर प्रत्येक प्रबंधाचं शीर्षक, वर्ष, तालुका आणि शाळेचा स्तर एवढ्या चार रकान्यांची यादी करून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लावा. नुसती यादी वाचूनही शिक्षक आणि अभ्यासक शोधत येतील.

मग स्कॅनिंग. जागा नाही ही अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण जागा नसेल तर आधी स्कॅन करायचं आणि मग कागदाचा निर्णय घ्यायचा, हा क्रम आहे. हे काम ‘कमवा व शिका’ योजनेतल्या विद्यार्थ्यांना द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी शेजारच्या साताऱ्यात श्रमातून शिक्षणाची जी वाट घालून दिली, तिच्यात हे काम चपखल बसतं. बागेला पाणी घालण्यापेक्षा शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून जास्त शिकायला मिळेल. एक काळजी मात्र घ्या. परिशिष्टांत मुलांची नावं, जात, घरची परिस्थिती नोंदलेली आहे. ती पानं जशीच्या तशी जाहीर करू नका, नावं झाकून मगच खुली करा. ती मुलं आज मोठी झाली आहेत आणि याच गावांत राहतात.

अभ्यास मंडळाला माझी विनंती आहे की लघुशोधप्रबंधाबरोबर दोन पानी मराठी सारांश सक्तीचा करावा. तो ज्या शाळांत अभ्यास झाला त्या शाळांना आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला, म्हणजे डाएटला, पोचल्याची पोच जोडल्याशिवाय मौखिक परीक्षा घेऊ नये. सोप्या मराठीत, शिक्षकांना वर्गात वापरता येईल असा. आणि मौखिक परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांबरोबर एखादा कार्यरत मुख्याध्यापक बसवावा. आकडे कुठून आले, हा प्रश्न तोच नेमका विचारील.

अध्यापकांची पदं भरणं शासनाच्या हातात आहे, हे मला समजतं. तो पाठपुरावा आपण करालच. पण तोवर मार्गदर्शकांची सोय विद्यापीठाला करता येईल. निवृत्त अध्यापक आहेत, डाएटचे अधिव्याख्याते आहेत, पीएच.डी. झालेले माध्यमिक शिक्षक आहेत. त्यांची मान्य यादी तिसरं सत्र सुरू होण्याआधी जाहीर करा, एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी द्यायचे याची मर्यादा घाला आणि सीएचबीवरच्या पात्र अध्यापकांना प्रबंध वाचण्याचा वेगळा मोबदला द्या. निकालाच्या मुदतीबाबत कायदा आपल्यासमोर आहे. त्याहून वेगळं मी काही मागत नाही.

यात कुणाला कमी लेखण्याचा हेतू नाही. ग्रंथपालांवर तर माझा मुळीच राग नाही. त्यांनी वर्षानुवर्षं एकट्याने ही कपाटं सांभाळली, वाळवी लागली तेव्हा स्वतः औषध मारलं. त्यांना खोली मिळाली असती तर ही सूचना निघाली नसती असं मला वाटतं.

यादी करण्याच्या कामाला आमच्या वर्गातल्या काही जणी सुट्टीत यायला तयार आहेत. आम्हाला ग्रंथालयाची एक खोली आणि परवानगी द्यावी. रद्दीचा व्यवहार थांबवल्याचं लेखी उत्तर तेवढं लवकर मिळावं. बाकीच्या मागण्यांवर अभ्यास मंडळाच्या येत्या बैठकीत चर्चा व्हावी आणि तिथे विद्यार्थ्यांचं म्हणणं मांडायला आमच्यापैकी एकीला बोलवावं.

कळावे,

आपली,
एम.एड. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी,
सांगली